रुमालाखालचं एक पेर

दर वर्षी मार्च लागला की जळगावला पिंप्राळ्यात माझ्या घरी दोन-तीन तरुण पोरं येतात. कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट, हातात छापील पत्रिका. श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे म्हणतात, काका, तुम्हाला स्टेजवर बसायचं आहे. मी विचारतो, स्टेजवर बसून करू काय? मग ती एकमेकांकडे बघतात. गेल्या वर्षी एक जण म्हणाला, "काही नाही काका, नुसतं बसायचं. शेवटी सत्कार आहे." मी म्हटलं, "कशाबद्दल सत्कार? माझा भाऊ मेला याबद्दल?" पोरगं चांगल्या घरातलं असावं, त्याचे कान लाल झाले. तरी जाताना पत्रिका टेबलावर ठेवूनच गेलं.

माझा धाकटा भाऊ मुंबईच्या बॉम्बस्फोटांत गेला. त्र्याण्णव साल, मार्चमधला तो शुक्रवार. त्या दुपारी शहरात एकामागून एक काय काय उडालं ते सगळ्या देशाला ठाऊक आहे, मी सांगायला नको. भाऊ भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे फिटर होता. ठेकेदारानं त्याला यंत्राचा एक सुटा भाग आणायला मुंबईला धाडलं. भाग घेऊन तो बसच्या थांब्यावर उभा होता. नंतर बॅनरवर त्याच्या नावापुढे 'शहीद' छापलं. शहीद माणूस काहीतरी ठरवून घराबाहेर पडतो. माझ्या भावानं रात्रीच्या गाडीनं भुसावळला उतरायचं ठरवलं होतं, बाकी काही ठरवलं नव्हतं.

मला या कार्यक्रमांची शिसारी आहे. ती का, हे एकदा नीट लिहून ठेवतो. लोक म्हणतात मी तापट आहे, तोंडावर बोलतो. तोंडावर बोललो तेव्हा कुणी ऐकलं नाही.

मी बैलांचा व्यापारी. साक्रीकडच्या एका कोरडवाहू खेड्यातून निघालो तो दुसऱ्यांची जनावरं हाकत. एका बाजारातून पुढच्या बाजारात बैल पायी न्यायचे, ही माझी पहिली नोकरी. तिथून जळगावात स्वतःचं घर, स्कूटर आणि दावणीला कायम पाच-सहा जोड्या, इथवर आलो. कुणी हात धरून आणलं नाही, असं मी लोकांना ऐकवत असतो. ते खरं नाही. एकानं हात धरला होता, आणि तो खराखुरा धरला होता.

तो धुळ्याचा एक मुसलमान व्यापारी. माझ्या वडिलांच्या वयाचा. सगळा बाजार त्याला चाचा म्हणायचा. अहिराणी माझ्यापेक्षा चोख बोलायचा, आणि शिव्या तर तिच्यातच द्यायचा.

आमच्या बाजारात बैलांची किंमत तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहायचे, हातांवर एक मोठा रुमाल टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करायचा. किती बोटं धरली त्यावर आकडा. अख्खा पंजा धरला तर मोठा आकडा. बोटाचं एक पेर दाबलं तर अगदी थोडी चढ-उतार. तोंडानं त्या वेळी भलतंच चालू ठेवायचं, बैलाची निंदा, समोरच्याच्या अकलेची निंदा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळतो. जमलं की रुमाल हळूच उचलायचा आणि बैलाच्या पाठीवर थाप मारायची. तुटलं की रुमाल झटकून खांद्यावर टाकायचा. आणि जमो की तुटो, रुमालाखालची गोष्ट पुन्हा तोंडातून काढायची नाही. कारण माझ्याशी ज्या आकड्यावर तुटलं तो दुसऱ्याला कळला तर विकणाऱ्याची मान तिथेच अडकते. ज्यानं तोंड उघडलं त्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नसे. लिहिलेला नव्हता कुठे, पण याच्याहून कडक कायदा मी पाहिलेला नाही.

हे सगळं मला चाचानं शिकवलं. पहिल्या दिवशी त्यानं रुमालाखाली माझं बोट इतकं दाबलं की मी ओरडलो. तो म्हणाला, "पोऱ्या, तोंडले काय करनं ते करू दे. हातनं काम हातले." पुढे मी चाळिशी ओलांडली, पोटावर मांस आलं, तरी भर बाजारात मला तो पोऱ्याच म्हणायचा. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी आई त्याच्यासाठी सांजोऱ्या बांधून द्यायची. तो बाजारातच उभ्यानं दोन खायचा आणि उरलेल्या घरी न्यायचा.

आता श्रद्धांजलीचं. भावाचं तेरावं झालं आणि दोन-चार दिवसांत चौकात मंडप पडला. मला कुणी विचारलं नाही, फक्त फोटो मागायला आले होते. आमच्याकडे भावाचा धड एकच फोटो, चुलत बहिणीच्या लग्नातला. त्यात तो हसतोय आणि माझा हात त्याच्या खांद्यावर आहे. बॅनरवाल्यानं मला कापून टाकलं, पण हात कापता येईना. त्यामुळे चौकात आठ फुटी भाऊ हसत उभा, आणि त्याच्या खांद्यावर मनगटापासून तुटलेला एक हात. त्या बॅनरखालून मी रोज स्कूटर नेली.

पुढारी दीड तास उशिरा आले. तोवर लाउडस्पीकरवर देशभक्तीची गाणी. भाषणं झाली. त्यातल्या एका वक्त्याकडे माझ्या भावानं दोन वर्षं नोकरीसाठी चकरा मारल्या होत्या, तो रडला. दुसरा बदला, बदला म्हणून ओरडला आणि खाली बसून मांडी खाजवत शेजाऱ्याशी कपाशीच्या दराचं बोलू लागला. मी स्टेजवर बसलो होतो, डोक्यावर केस नुकते उगवत होते, माझ्या कानावर सगळं पडत होतं. आई खाली बायकांत बसली होती. तिला घरी जायचं होतं, पण शाल-नारळ बाकी होतं.

शाल घालायला नाना उठले. नाना म्हणजे आमच्या धुळ्याकडच्या आठवडे बाजारातलं मोठं प्रस्थ. बाजाराचं नाव मी लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत आणि निवडणुका लढवतात. नाना खास जीप करून आले होते. शाल माझ्या खांद्यावर नीट बसवत ते कानाशी वाकून म्हणाले, "काळजी करू नका. बाजारात आम्ही बघून घेतो." मला वाटलं माझ्या जनावरांबद्दल म्हणतायत. मी मान हलवली.

महिनाभर मी बाजाराला गेलो नाही. मग आखाजी जवळ आली. आमच्याकडे आखाजीला शेतीचं नवं साल सुरू होतं, वर्षाचे सालदार गडी ठरतात, बैल बदलतात. त्याआधीचा बाजार वर्षातला मोठा. यावलकडच्या एका बागायतदाराला मी निमाडी जातीच्या बैलांची जोडी द्यायचा शब्द हिवाळ्यात दिला होता. शब्द होता म्हणून गेलो.

बाजारात शिरलो तर माणसं बाजूला व्हायला लागली. ज्यांनी आयुष्यभर मला कोपरानं ढकललं ते वाट देत होते. चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. मला याचाच राग आला. बाजारात माणसाला वाट देतात ती तो प्रेत घेऊन चालला असेल तर.

अगदी कडेला, कडुनिंबाखाली चाचा उभा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा. एवढ्या गर्दीच्या बाजारात मोकळी जागा. आणि त्याच्याजवळ एक जोडी होती. निमाडी, तांबडी, अंगावर पांढरे शिंतोडे, दोन्ही सहा दाती, म्हणजे ऐन उमेदीतले, शिंगं एका साच्यातून काढल्यासारखी. पण बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

मी चहावाल्याला विचारलं, "ही जोडी अजून कशी उभी?"

तो म्हणाला, "तीन बाजारांपासून उभी आहे भाऊ. कुणी हात देत नाही त्याला."

"का?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वेड्यासारखं विचारतोय. शेजारी नाना होतेच. ते म्हणाले, "तुमच्या भावाचा मान राखला आम्ही. ठरवूनच टाकलं. त्या लोकांच्या हातात हात घालायचा नाही."

मी म्हटलं, "नाना, माझ्या भावानं जन्मात बैल विकत घेतला नाही. त्याचा मान बैलबाजारात कशाला राखता?"

"दुःखात आहात तुम्ही," नाना म्हणाले.

हे वाक्य मी त्या वर्षी इतक्यांदा ऐकलं की अजून कुणी म्हटलं तर माझ्या हाताला खाज सुटते. मुंबईत कुणी बॉम्ब ठेवले ते पोलिसांनी शोधावं, कोर्टानं फाशी द्यावी, मी स्वतः दोर वळून देतो. पण धुळ्यात सरकीची ढेप विकत घेऊन बैल पोसणाऱ्या म्हाताऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? आणि माझ्या घरातलं प्रेत पुढे करून हे ठरवायचा अधिकार यांना दिला कुणी? माझ्या नावानं सौदा झाला होता आणि मला रुमालाखाली हातही घालू दिला नव्हता.

मी चाचाकडे गेलो. सगळा बाजार बघत होता. हेही सांगतो, मी काही प्रेमानं उचंबळून गेलो नाही. माझाही त्याच्यावर राग होता. माझा भाऊ गेला आणि हा महिनाभरात फिरकला नव्हता.

"दारमा पाय नही लावा," मी म्हणालो.

तो म्हणाला, "निंघनू व्हतू. जळगावना मोटरस्टँडवर उतरनू. चौकमा मंडप देखा, घोषणा ऐक्यात. मंग परत मोटरमा बठनू." मग त्यानं विचारलं, "तुनी माय कशी शे?"

"शे."

त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला. चौकटीचा, जुना, विटलेला. मी हात पुढे केला. त्यानं रुमाल टाकला.

बोटं पूर्वीसारखीच कडक होती. पहिलाच आकडा त्यानं असा धरला की मी त्याचा हात झटकून दिला, रुमालाखालीच.

"तुना बैल म्हातारा शे," मी मोठ्यानं म्हणालो.

"बैल नही, तुना डोया म्हातारा व्हई ग्यात."

"खांदा देख त्याना. सुजेल शे."

चाचानं माझ्या खांद्याकडे पाहिलं. "खांदा तुना सुजेल शे," तो म्हणाला, "शाली पांघरी पांघरी."

भोवतीच्या लोकांनी श्वास आत घेतला. मी मात्र जवळजवळ हसलोच. भाऊ गेल्यापासून मला कुणी टोमणा मारला नव्हता. सगळे माझ्याशी देवळात आल्यासारखं बोलत होते. या एका म्हाताऱ्यानं मला बाजारातला माणूस म्हणून वागवलं, आणि मीही ठरवलं, याला एक पै जास्त द्यायची नाही. सौदा म्हणजे सौदा.

तो खाली आला, मी वर गेलो. तो आला, मी गेलो. घाम सुटला. शेवटी दोघांमध्ये एक पेर उरलं. तर्जनीचं वरचं पेर, एवढंच. आमच्या इतक्या वर्षांच्या व्यवहारात शेवटचं पेर नेहमी कुणीतरी सोडायचा, बहुतेक वेळा तोच, माझ्या आईवरून एक शिवी हासडून. मी वाट पाहत होतो त्या शिवीची. ती आली नाही. तो माझं पेर दाबून उभा. मी ते सोडवून त्याचं दाबलं. त्यानं पुन्हा माझं धरलं. त्याच्या डोळ्यांत मी पाहिलं, तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या मागच्या गर्दीकडे बघत होता.

माझं डोकं फिरलं. मी रुमाल झटकला.

गर्दीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मला आधी कळेना की टाळ्या कशासाठी. मग चार जणांनी वाजवल्या, मग चाळीस जणांनी. "बरोबर केलं भाऊ!" एक जण ओरडला. "तोंडावर झटकला!" मागून घोषणा आली. कुणीतरी माझ्या पाठीवर हात फिरवला. त्यांना वाटलं मी चाचाचा हात मुद्दाम हातात घेतला, सगळ्यांसमोर झिडकारायला. रुमालाखाली काय झालं ते दिसत नव्हतं ना. झटकलेला रुमाल तेवढा दिसला.

मी ओरडलो, "अरे मूर्खांनो, सौदा किमतीवर तुटला! महाग सांगतोय तो!"

लोक हसले. जणू मी आणखी एक टोमणा मारला.

नाना पुढे आले. चेहऱ्यावर समाधान. म्हणाले, "किमतीवर तुटला? मग सांगा की किती फरक होता. बाजारालाही कळू द्या."

त्यांना ठाऊक होतं मी सांगू शकत नाही. आणि सांगितलं असतं तर? 'एक पेर' एवढे दोन शब्द बोललो असतो तर त्या बाजारातल्या प्रत्येक माणसाला कळलं असतं की मी शेवटपर्यंत जोडी घ्यायलाच उभा होतो. एका पेरापर्यंत आलेला माणूस सूड घ्यायला आलेला नसतो. दोन शब्दांत चाचाची बाजारातली जागा त्याला परत मिळाली असती. निदान मिळायची शक्यता तरी होती. पण तेच दोन शब्द बोलले की रुमालाखालची गोष्ट मी चारचौघांत उघडी केली, त्याच्याच जोडीवर, त्यानंच शिकवलेला कायदा मोडून. आणि एका पेरावर त्याची मान अडकवून.

मी चाचाकडे पाहिलं. तो वाकून कासरा सोडत होता. सोडता सोडता त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, एवढीशी. नको.

मी गप्प बसलो. माझ्यासारखा माणूस गप्प बसला हे पाहून तर लोकांची खात्रीच पटली.

उन्हं वर यायच्या आत चाचा जोडी घेऊन निघून गेला. त्या बाजारात तो पुन्हा आला नाही.

आखाजीच्या दिवशी आईनं गेलेल्यांच्या नावानं घागर भरली. आमच्याकडे मातीची घागर पाण्यानं भरतात आणि वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. वडिलांच्या घागरीशेजारी या वर्षी एक आणखी होती, आणि आईनं तिच्यावरचं डांगर दोनदा बदललं, हे लहान आहे म्हणून. संध्याकाळी सांजोऱ्यांचं पुडकं बांधून तिनं माझ्यापुढे ठेवलं. "चाचाले दी ये." मी नेलं नाही. एक पेर सोडता येत नव्हतं म्हाताऱ्याला? अख्ख्या बाजारासमोर मी त्याच्या हातात हात दिला होता. त्यानं एक पेर सोडायचं होतं. पुडकं तसंच दोन दिवस राहिलं, मग आईनं शेजारी वाटून टाकलं.

त्याच आठवड्यात बातमी आली. ती निमाडी जोडी नानांच्या गोठ्यात होती.

चहावाल्यानं सांगितलं तेव्हा मला आधी खरं वाटेना. मग घरी आलो, ट्रंकेतून ती सत्काराची शाल काढली, स्कूटरला लाथ मारली आणि थेट नानांच्या गावी गेलो. भर दुपार, रस्त्यावर कुत्रं नाही.

नाना गोठ्यातच होते. मला बघून खूश झाले. "या, या. तुम्हाला बोलावणारच होतो. बघा जोडी!" बैलांच्या शिंगांना नवा रंग होता, पुढ्यात ढेपेचं घमेलं. आठवड्यात बरगड्या बुजायला लागल्या होत्या.

मी म्हटलं, "नाना, त्या लोकांच्या हातात हात घालायचा नव्हता ना?"

"कुठे घातला? पुतण्याला धाडलं धुळ्याला. रुमालबिमाल काही नाही. दारात उभं राहून तोंडानं सांगितलं, इतक्यात देतोस तर दे, नाहीतर ठेव. दिली." मग त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "खरं सांगू का, तुमच्यामुळे झालं. तुम्ही रुमाल झटकला तिथेच म्हातारा खचला. फुकटात म्हणावी अशी पडली जोडी."

"आणि बैल चालतात त्याचे?"

नाना मोकळेपणानं हसले. "बैलाला काय जात असते होय?"

ढेपेचा आंबूस वास, शिंगांच्या रंगाचा वास आणि ते हसणं. माझ्या भावाच्या मृत्यूचं यांनी हे केलं होतं. आधी बॅनर, मग बहिष्कार, आणि शेवटी अर्ध्या किमतीत निमाडी जोडी. हात विटाळत होता, बैल विटाळत नव्हते. बॉम्ब ठेवणारे कुठल्या कुठे होते, त्यांनी माझ्या भावाचं नावही ऐकलं नसेल. नाना मात्र त्याचं नाव घेऊन रोज गोठ्यात ढेप टाकत होते.

मी शाल उलगडली आणि जवळच्या बैलाच्या पाठीवर टाकली.

"हे काय?" नाना म्हणाले.

"सत्कार. नारळ फोडून खाल्ला, नाहीतर तोही आणला असता. पुढच्या वर्षी स्टेजवर यालाच बसवा. माझ्या भावामुळे याच्याइतकी चांगली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली नाही."

नानांचा गडी पुढे सरसावला. नानांनी हात करून त्याला थांबवलं. "जाऊ दे रे," ते म्हणाले, "घरचं माणूस गेलंय त्यांचं." आणि मला समजुतीनं म्हणाले, "पाणी घ्या थोडं. दुःखात माणूस बोलतो काहीही."

माझा रागसुद्धा त्यांनी श्रद्धांजलीतच जमा करून टाकला. मी पाणी न पिता निघालो. मागे बैलानं कातडी थरथरवली आणि शाल शेणात पडली, एवढं दिसलं.

पुढच्या हंगामात बाजारात फलक लागला. यापुढे सौदे रुमालाखाली होणार नाहीत, तोंडानं, सगळ्यांसमोर होतील. व्यवहार उघड असावा म्हणून. खरं तर त्यात नवख्या शेतकऱ्याचा फायदाच आहे, मी नाकारत नाही, रुमालाखाली पुष्कळ भोळी माणसं बुडाली आहेत. पण ठराव कुणी मांडला आणि कधी मांडला हे मला ठाऊक आहे. तोंडानं सौदा करायचा तर कुणाच्या हाताला हात लावायची गरज उरत नाही. आता नवी पोरं विचारतात, काका, पूर्वी म्हणे रुमालाखाली बोटं धरायचे, खरं का? त्यांना ती गंमत वाटते.

गेल्या पावसाळ्यानंतर माझी आई गेली. दहाव्याच्या आधी एका दुपारी मी ओट्यावर बसलो होतो, चार नातेवाईक होते, आणि इतक्या वर्षांनी रिक्षातून चाचा उतरला. पार वाकला होता. काठी होती. चौकातून आला म्हणजे बॅनरखालूनच आला असणार. दर मार्चला नवा लागतो, वर्षभर कुणी काढत नाही. तोच फोटो, भावाच्या खांद्यावर तोच तुटका हात.

तो ओट्यावर टेकला. बराच वेळ आईबद्दल बोलला. तिच्या सांजोऱ्यांत खसखस कमी असायची हे त्यानं मला तेव्हा सांगितलं, इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. मग मला राहवेना.

"चाचा, ते एक पेर तू काबरं नही सोडं?"

त्यानं काठी आडवी ठेवली. "सोडं असतं तं बठ्ठा बाजार म्हणता, चाचा घाबरना. त्या दिवसले माले परवडनारं नव्हतं." मग मला विचारलं, "तू काबरं नही वाढावं?"

मी म्हणालो, "वाढवलं असतं तर म्हणाले असते, भीक घातली. तुलाही तेच वाटलं असतं."

"वाटनं असतं," तो म्हणाला.

नातेवाईक आमच्याकडे बघत होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी विचार करत होतो की त्या बॉम्बनं मुंबईत काय काय तोडलं ते पेपरात आलं, पण इकडे आमच्या बाजारात दोन जुन्या व्यापाऱ्यांना एक पेर इकडचं तिकडे करायची मुभा राहिली नाही, हे कुठे छापायचं? त्यानं सोडलं असतं तर तो भित्रा ठरला असता, मी वाढवलं असतं तर दाता. नुसते व्यापारी आम्हाला कुणी राहूच दिलं नाही.

पण मी हेही सांगून टाकलं, "काहीही म्हण, जोडी महागच होती."

चाचा ताठ बसला. "महाग? निमाडी जोडी महाग? सहा दाती? तुना बापनी देखेल व्हती का तशी जोडी?"

"बरगड्या दिसत होत्या त्यांच्या."

"बरगड्या तुना बाजारनी काढ्यात!"

आणि त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला. मी हात पुढे केला. ते बैल एव्हाना नानांकडे म्हातारे झाले होते, की विकले गेले होते, देव जाणे. आम्ही त्यांचा सौदा केला, सुतकातल्या ओट्यावर बसून, पहिल्या आकड्यापासून. तो खाली आला, मी वर गेलो. त्याची बोटं आता वाकडी झाली होती, पण दाबायची ताकद होती. शेवटी पुन्हा तेच उरलं. तर्जनीचं वरचं पेर.

मी सोडलं नाही. त्यानंही सोडलं नाही. आतून चहा आला तरी हात रुमालाखालीच होते. चाचा म्हणाला, "चहा पी ले. मंग देखू." चहा डाव्या हातानं प्यालो.

या वर्षीचा मार्च आला आणि पोरं आली. गेल्या वर्षीचं ते लाल कानांचं पोरगंही होतं. काका, स्टेजवर बसायचं आहे. मी त्यांना पहिल्यांदाच चहा पाजला. म्हटलं, "येतो. शालही घेतो. पण माझी एक अट आहे. माझ्या शेजारी आणखी एक खुर्ची टाकायची. धुळ्याहून एक म्हातारा येईल, तो त्या खुर्चीवर बसेल. भाषण करणार नाही. माझ्या आईच्या हातचं खाल्लेला आहे, माझ्या भावाला त्यानं खांद्यावर बसवून बाजार दाखवलाय. पत्रिका पुन्हा छापा आणि त्यात त्याचं नाव घाला."

"छापू की काका. काय नाव?" एकानं पेन काढलं.

मी नाव सांगितलं.

पेन थांबलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. कपात चहा होता, तो त्यांनी संपवला. "विचारून सांगतो काका," मोठा म्हणाला.

उठताना त्यानं टेबलावर ठेवलेली पत्रिका परत उचलली आणि खिशात घातली. लाल कानांचं पोरगं दारात मिनिटभर रेंगाळलं. मग बाहेरून स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि तेही गेलं.